माणसावरच्या अहवालालाही मुदत असावी

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

नोकरभरतीत आणि पदोन्नतीत व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा वापर कसा वाढतो आहे, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाने या चाचण्यांचे फायदे नेमकेपणाने मांडले आहेत आणि त्यांपैकी बहुतेक मला मान्यही आहेत. मात्र चाचणीचा निष्कर्ष माणसाच्या फाइलमध्ये किती वर्षे राहावा, आणि तो त्याच्या कोणत्या वयात काढला गेला याला काही महत्त्व आहे की नाही, या प्रश्नाला लेखात जागा मिळाली नाही. मी बडोद्यातल्या एका औषध कारखान्याच्या कर्मचारी विभागात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आहे. हा प्रश्न माझ्यासमोर एका माणसाच्या रूपाने येऊन उभा राहिला होता, म्हणून हे पत्र काहीसे लांबले तरी छापावे, अशी विनंती आहे.

औषधाच्या कारखान्यात उमर गेलेल्या माणसाच्या डोळ्यांना एक सवय जडते. हातात गोळ्यांची कोणतीही पट्टी आली की ती उलटी करून बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. गोळीचा रंग तोच असतो, चवही तीच असते, पण मुदत उलटून गेली असेल तर ती कोणाला देता येत नाही, कारण आतल्या द्रव्याची शक्ती काळाबरोबर ओसरते हे मान्य करूनच ती तारीख छापलेली असते. त्याच कारखान्यात माणसांच्या स्वभावाविषयीचे दोन-दोन, तीन-तीन पानांचे अहवाल मात्र वर्षानुवर्षे कपाटात राहत आणि पदोन्नतीच्या बैठकीत ते जणू कालच लिहिले गेले आहेत अशा विश्वासाने वाचले जात. त्यांच्यावर मुदत कधीच छापलेली नसे.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या व्यवस्थापनाने बाहेरच्या सल्लागारांना बोलावून सगळ्या पर्यवेक्षकांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. प्रश्नपत्रिका इंग्रजीत होती आणि तासाभरात सोडवायची होती. पॅकिंग विभागात ५१ वर्षांचे एक पर्यवेक्षक होते. शिक्षण गुजराती माध्यमात झालेले, घरी मराठी, हाताखालच्या माणसांशी हिंदी धरून तिन्ही भाषांत बोलणारे. त्यांच्या अहवालात ते अंतर्मुख आहेत, बदलाविषयी अनुत्सुक आहेत आणि त्यांची नेतृत्वाची क्षमता मर्यादित आहे, असे लिहून आले. त्याच सुमारास गोळ्या पट्टीत बंद करणारी नवी ब्लिस्टर पॅकिंग लाइन बसायची होती. तिची जबाबदारी २९ वर्षांच्या एका हुशार इंजिनिअरकडे दिली गेली आणि या गृहस्थांची बदली स्टोअर्समध्ये झाली. बदलीच्या त्या कागदावर कर्मचारी विभागातर्फे माझी सही आहे.

पुढच्या काही महिन्यांत नव्या लाइनवर एक बॅच संपून दुसरी सुरू होताना जी साफसफाई आणि तपासणी करावी लागते, तिला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू लागला. शिफ्ट सुटली की ऑपरेटर स्टोअर्समध्ये जाऊन त्या जुन्या पर्यवेक्षकांना अडचणी विचारत. त्यांच्याकडे सर्वांत आधी गेला तो नवा तरुण इंजिनिअरच. तो प्रामाणिक होता आणि आपल्याला काय येत नाही हे त्याला कळत होते. मी हे पाहत होतो. अखेरीस त्या पर्यवेक्षकांची उत्तरपत्रिका घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो आणि एकेक प्रश्न त्यांना मराठीत विचारत गेलो. पार्टीत जायला आवडते का, अशा अर्थाच्या प्रश्नावर त्यांनी ठाम नकाराची खूण केली होती. आमच्या बाजारपेठेत पार्टी म्हणजे माल घेणारा किंवा पुरवणारा व्यापारी. ते मला म्हणाले, "साहेब, कारखान्यातल्या माणसाने पार्ट्यांकडे जाऊन बसणे बरे दिसत नाही, म्हणून मी नाही लिहिले." त्यांच्या सचोटीची ही खूण अहवालात अंतर्मुखता म्हणून मोजली गेली होती. उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मी आजवर विसरलेलो नाही: "नवे मशीन शिकायची माझी फार इच्छा होती. पण मला कोणी विचारलेच नाही."

दीड वर्षाने त्यांना पॅकिंगमध्ये परत आणले गेले, नव्या लाइनवरची माणसे तयार करण्याचे काम त्यांना दिले गेले आणि ते त्यांनी उत्तम केले. तरीही तो अहवाल फाइलमधून निघाला नाही. पुढच्या पदोन्नतीच्या बैठकीत तो पुन्हा वाचला गेला, आणि त्याच पदावर असताना ते ५८ व्या वर्षी निवृत्त झाले.

हे एका माणसाचे दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते, पण नंतरच्या वाचनातून मला दिसले की दोष अधिक खोलवरचा आहे. या चाचण्यांचा जन्म ज्या गरजांतून झाला त्या फार वेगळ्या होत्या. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने कोणत्या सैनिकांचे मन खचू शकेल हे आधी ओळखावे, म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९१७ च्या सुमारास होय किंवा नाही अशा उत्तरांची प्रश्नावली तयार केली. आज कंपन्यांत लोकप्रिय असलेली, माणसांची चार अक्षरांच्या १६ प्रकारांत वाटणी करणारी चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी मनोविश्लेषक कार्ल युंग यांच्या स्वभावप्रकारांविषयीच्या १९२१ च्या विवेचनाच्या आधारे घडवली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राची पदवीधर नव्हती. म्हणून त्यांची मेहनत कमी ठरत नाही, पण चाचणीची मर्यादा मात्र तिच्या रचनेतच आहे. उंची मोजून साडेपाच फुटांवरचे सगळे उंच आणि त्याखालचे सगळे ठेंगणे असे ठरवावे, तशी ती माणसाला रेषेच्या या किंवा त्या बाजूला ढकलते, आणि बहुतेक माणसे तर रेषेच्या आसपासच असतात. त्यामुळे पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर जवळपास निम्म्या लोकांचा प्रकार बदललेला आढळल्याची नोंद संशोधनात आहे. ही चाचणी उमेदवार निवडण्यासाठी वापरू नये, असे तिचा प्रसार करणारी संस्थाच सांगते. आमच्याकडच्या सल्लागारांनी ते आम्हाला सांगितले नव्हते.

असे असूनही आपला अहवाल वाचताना माणसाला तो खरा का वाटतो, याचे उत्तर बर्ट्रम फोरर यांच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहे. त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे स्वतःचे म्हणून एक वर्णन दिले. ते वर्णन सर्वांना एकच दिले होते आणि त्यातला मजकूर विकतच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. वर्णन किती तंतोतंत जुळते यासाठी विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. तुम्ही वरून शिस्तबद्ध दिसता पण आतून कधी कधी अस्वस्थ असता, हे वाक्य बडोद्याच्या रावपुऱ्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही ऐकवावे, दहांतले नऊ जण मान डोलावतील. वाचणाऱ्याला पटणे ही चाचणीच्या खरेपणाची कसोटी होऊ शकत नाही.

सर्वच चाचण्या टाकाऊ आहेत असे माझे म्हणणे नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द वेचले. पुढच्या अर्धशतकात अनेकांनी त्यांची छाननी केली आणि त्यातून नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थैर्य असे पाच गुणधर्म हाती आले. हे गुणधर्म माणसाला पेट्यांत कोंबत नाहीत, मोजपट्टीवर त्याची जागा दाखवतात. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा यांपैकी कर्तव्यदक्षता हा गुण जवळपास सर्व प्रकारच्या कामांत उपयोगी पडतो असे दिसले. पण हा उपयोग किती, हेही विचारले पाहिजे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या फेरतपासणीत कर्तव्यदक्षता आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.१९ निघाला. माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्याचे शंभर भाग केले, तर त्यांतले चारदेखील या गुणाने उलगडत नाहीत, असा त्याचा अर्थ. सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत घेतली, तर हाच आकडा ०.४२ पर्यंत जातो. अशा मुलाखतीला कष्ट पडतात, माणसे बसवावी लागतात. चाचणीला एक दुवा पाठवला की काम भागते, आणि माझ्या अनुभवात निर्णय बहुतेकदा तिथेच होतो.

बडोद्याला निवडीची एक गोष्ट तोंडपाठ आहे. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी कवळाण्याहून आणलेल्या मुलांना इथे कशाला आलात असे विचारले, आणि बारा वर्षांच्या गोपाळरावांनी, म्हणजे पुढच्या सयाजीराव महाराजांनी, राज्य करायला आलो असे उत्तर दिले, ही आख्यायिका आपण मुलांना कौतुकाने सांगतो. सांगताना आपण त्या उत्तरापाशी थांबतो. त्यानंतरची सहा वर्षे एफ. ए. एच. इलियट यांच्या देखरेखीखाली झालेला कसून अभ्यास, दिवाण टी. माधवराव यांनी दिलेले राज्यकारभाराचे धडे आणि मग डिसेंबर १८८१ मध्ये हाती आलेला कारभार, हा भाग गोष्टीतून गळून जातो. सयाजीराव महाराज घडले ते त्या सहा वर्षांत आणि पुढच्या अविरत उद्योगात. एका उत्तरावर भवितव्य ठरवायचे तर उत्तरानंतर घडवण्याची जबाबदारीही घ्यावी लागते, आणि आजच्या भरतीतून नेमका तोच अर्धा भाग वगळला जातो आहे.

आता वयाविषयी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असे आपण म्हणतो, आणि फाइलमधले जुने अहवाल याच समजुतीवर तग धरून असतात. मोजमाप मात्र वेगळे सांगते. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एकाच माणसांच्या वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारे ९२ गट एकत्र तपासले. कर्तव्यदक्षता आणि भावनिक स्थैर्य वयाबरोबर वाढते, आणि त्यातली सर्वांत मोठी वाढ विशीपासून चाळिशीपर्यंत होते, असे त्यांना आढळले. बदल चाळिशीनंतरही थांबत नाही. म्हणजे ज्या वयात आपण मुलांना चाळणी लावतो, त्याच वयात त्यांचा स्वभाव सर्वाधिक वेगाने घडत असतो. बाविसाव्या वर्षी कर्तव्यदक्षतेत कमी गुण मिळालेला मुलगा तिसाव्या वर्षी तोच राहील हे गृहीत धरणे मला कच्च्या कैरीवर आंबट असा शिक्का मारून ती फेकण्यासारखे वाटते.

आपल्या कलाभवनाचेच उदाहरण घ्यावे. महाराजांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली सुरू झालेल्या या संस्थेत वीस वर्षांचे धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. पुढे त्यांनी गोध्र्यात छायाचित्रांचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी केली, छपाईच्या धंद्यात पडले आणि त्यातून भागीदारांशी मतभेद होऊन बाहेर आले. त्यांची चाळिशीपर्यंतची ही कारकीर्द कोणत्याही आजच्या निवड समितीसमोर ठेवली तर अस्थिर, एका जागी न टिकणारा, असाच शेरा येईल. १९१३ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला, आणि चित्रकला, छायाचित्रण, छपाई अशी वाटेत शिकलेली सगळी कौशल्ये त्यात कामाला आली. असे माणूस लाखांत एखादेच, हे खरे. पण काम आणि वय यांची गाठ उशिरा पडलेली माणसे आमच्या कारखान्यातही होती.

स्वभावाच्या शिक्क्याबरोबर अलीकडे पिढीचा शिक्काही मारला जातो. अमुक साली जन्मलेले निष्ठावान, तमुक साली जन्मलेले चंचल, आणि त्यानंतरची मुले तर फक्त सुट्टी मागणारी, असे व्याख्यानांतून सर्रास सांगितले जाते. डेव्हिड कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २० अभ्यास एकत्र केले, तेव्हा कामाचे समाधान, संस्थेशी बांधिलकी आणि नोकरी सोडण्याचा विचार या तिन्ही बाबतींत पिढ्यांमधला फरक अगदी किरकोळ किंवा शून्य निघाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीनेही २०२० मध्ये कामगारांविषयीचे निर्णय पिढीच्या नावांवर घेण्यास पुरेसा आधार नाही, असाच निष्कर्ष दिला. त्यातही ही नावे मुळात अमेरिकेतली आहेत, आणि बेबी बूमर हे नाव तर तिथल्या महायुद्धानंतरच्या वाढत्या जन्मदरावरूनच पडलेले आहे. बडोद्याच्या माणसाचे आयुष्य ज्या घटनांनी वळले त्या वेगळ्या. १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, पाठोपाठ पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने आले, आणि जो तिथे लागला तो निवृत्तीपर्यंत राहिला. वसाहत, शाळा, दवाखाना, सगळे त्या नोकरीबरोबर येत असे. आज मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्याच घरातला नातू ११ महिन्यांच्या करारावर काम करतो. आजोबा निष्ठावान आणि नातू चंचल, असे म्हणण्याआधी दोघांना दिलेले कागद शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत.

या संदर्भात मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचे काम मला फार मोलाचे वाटते. माणसाला काय हवेसे वाटते हे त्याच्या वयापेक्षा, पुढे किती काळ आहे असे त्याला वाटते यावर ठरते, असे त्या सांगतात. पुढचा काळ मोठा वाटला तर माणूस नवे शिकतो, ओळखी वाढवतो. तो थोडा वाटला तर जवळची माणसे आणि अर्थपूर्ण वाटणारे काम यांना जवळ करतो. म्हातारी माणसे दुसऱ्या मार्गाने जातात खरी, पण तुम्ही लवकरच दूरच्या गावी जाणार आहात अशी कल्पना करायला सांगितल्यावर तरुणांनीही म्हाताऱ्यांसारखीच निवड केल्याचे त्यांच्या प्रयोगात दिसले. यावरून मी माझ्यापुरता काढलेला निष्कर्ष असा की, करार ११ महिन्यांचा असेल तर पंचविशीतल्या मुलाला कंपनीपुरते तरी आपण साठीच्या माणसाइतकेच अल्पकाळाचे सोबती करून टाकतो, आणि मग तो दीर्घकाळाची कौशल्ये शिकायला उत्सुक नाही म्हणून त्याच्या स्वभावाला दोष देतो.

कामातली उमेद माणसाच्या स्वभावातून उगवते की कामाच्या जागेतून, या प्रश्नावर बडोदेकराने तरी फार बोलू नये. १९१३ मध्ये याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये, २६ वर्षांचे असताना, कराराप्रमाणे सेवा करण्यासाठी बडोद्याला आले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून फाइली फेकत, पाण्याची सोय नव्हती, शहरात राहायला जागा मिळेना आणि ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तिथूनही त्यांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले. कमाटीबागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी काढलेले ते तास आणि नंतर सोडलेले हे शहर आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या बुद्धीत, परिश्रमात किंवा चिकाटीत उणे काय होते? इतक्या थोर माणसाला ज्या जागेने टिकू दिले नाही, त्या जागेची चाचणी कोणी घेतली नव्हती. कर्मचारी अधिकारी म्हणून एखाद्याच्या कामात रस नाही असा शेरा लिहिताना हा प्रसंग माझ्या मनात यायला हवा होता. तो उशिरा आला, याची खंत आहे.

संशोधनही त्याच दिशेला बोट दाखवते. पिट्सबर्गच्या सुमारे २०० अभियंत्यांशी आणि हिशेबनिसांशी बोलून फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये दाखवले की पगार, नियम आणि वरिष्ठांची वागणूक वाईट असेल तर माणूस नाराज होतो, पण त्याला खरी उमेद येते ती कामातल्या यशाने, जबाबदारीने आणि आपली दखल घेतली गेल्याने. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे जे तीन आधार सांगितले, म्हणजे स्वतः ठरवण्याची मुभा, काम जमते आहे ही जाणीव आणि माणसांशी जोडलेपण, ते २२ व्या वर्षीही लागतात आणि ५७ व्या वर्षीही. वयानुसार त्यांचे रूप तेवढे बदलते. डोरीन कूय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा वय वाढते तशी बढती आणि पुढे जाण्याची ओढ थोडी कमी होते, पण कामाच्या अंगच्या आनंदाची, स्वायत्ततेची ओढ वाढते असे दिसले. पन्नाशीतल्या माणसाला बढतीची घाई नाही म्हणून त्याला उमेदच नाही, असे समजणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींना मी वेळीच थांबवायला हवे होते.

थॉमस एन्ग आणि डॅनियल फेल्डमन यांनी २०१२ मध्ये ४१८ अभ्यासांच्या आधारे वयस्क कामगारांविषयीचे सहा प्रचलित ग्रह तपासले: ते कमी उत्साही असतात, बदलाला विरोध करतात, विश्वास कमी ठेवतात, आजारी पडतात, घरच्या अडचणींनी कामात मागे पडतात आणि प्रशिक्षण टाळतात. यांपैकी पहिले पाच टिकले नाहीत. प्रशिक्षणाविषयीचा सहावा तेवढा काही प्रमाणात खरा निघाला. त्या एकाविषयी माझ्यापाशी आमच्या पॅकिंगच्या पर्यवेक्षकांचे वाक्य आहे. ज्याला कोणी विचारत नाही तो काही काळाने मागणेही सोडतो, आणि मग त्याच्या न मागण्याची नोंद अनिच्छा म्हणून होते.

निवड काळजीपूर्वक कशी करावी याचा नमुना आपल्याच देशात आहे. सैन्यदलांची निवड मंडळे उमेदवाराला साधारण पाच दिवस ठेवून घेतात. चित्रावरून गोष्ट लिहिणे, शब्दावरून सुचेल ते वाक्य लिहिणे अशा मानसिक चाचण्या तिथेही आहेत, पण त्यांच्याबरोबर मैदानावर गटाने करायची कामे आणि सविस्तर मुलाखतही असते. मानसशास्त्रज्ञ, गटाचे अधिकारी आणि मुलाखत घेणारे अधिकारी आपापले मत स्वतंत्रपणे बनवून मगच एकत्र बसतात. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, नाकारला गेलेला उमेदवार पुढच्या प्रवेशासाठी पुन्हा येऊ शकतो. दोन-तीनदा परत पाठवला जाऊन अखेरीस अधिकारी झालेली मुले बडोद्याच्या मराठी घरांतही आहेत. तिथला निकाल त्या वेळेपुरता असतो.

माझी कंपन्यांकडे आणि त्यांना चाचण्या पुरवणाऱ्यांकडे मागणी मोठी नाही. ज्याची चाचणी घेतली त्याला अहवाल वाचायला द्यावा आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत बसून बोलावे. प्रश्न मराठीत, गुजरातीत, हिंदीत उपलब्ध असावेत, आणि ते शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर नसावे. ज्यांच्याशी तुलना करून गुण दिले जातात तो समूहही इथलाच असावा. बोलिव्हियातील त्सिमाने या शेतीवर आणि शिकारीवर जगणाऱ्या समाजातील ६३२ जणांची तपासणी केली, तेव्हा पाच गुणधर्मांची ती सर्वमान्य मांडणीदेखील तिथे नीट उभी राहिली नाही, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे. मग गुजराती माध्यमात शिकलेल्या आमच्या ऑपरेटरला परदेशी पदवीधरांच्या मोजपट्टीवर उभे का करावे? एकट्या चाचणीवर कोणालाही नाकारू नये, आणि वयाच्या पन्नाशीनंतर तर माणसाला बाजूला सारण्याचे निमित्त म्हणून ती कदापि वापरू नये.

आणि प्रत्येक अहवालावर तारीख व मुदत असावी. माझ्या मते पंचविशीच्या आतल्या माणसाचा अहवाल दोन वर्षांहून जास्त आणि त्यानंतरचा चार-पाच वर्षांहून जास्त काळ फाइलमध्ये ठेवू नये. हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत, त्यांवर चर्चा व्हावी. तत्त्व मात्र आपल्या कायद्यातही आले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात, ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपल्यावर ती पुसावी, असे बंधन आहे. संगणकावर ठेवलेल्या स्वभावाच्या अहवालांनाही हे बंधन लागू होऊ शकते याची जाणीव किती कर्मचारी विभागांना आहे, हे आपल्या बातमीदारांनी शहरातल्या कारखान्यांत विचारून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आमच्या शेजारची २३ वर्षांची मुलगी यंदा यांत्रिक अभियांत्रिकीची पदवीधर झाली. एका कंपनीची लेखी परीक्षा ती उत्तीर्ण झाली, मग ४० मिनिटांची व्यक्तिमत्त्व चाचणी तिने संगणकावर दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिला नकाराचा दोन ओळींचा संदेश आला. मुलाखत झालीच नाही. पत्रिका जुळली नाही तरी ३६ पैकी किती गुण जुळले एवढे आपल्याकडे मुलीच्या घरच्यांना सांगतात. इथे तेही नाही. आपल्यात नेमके काय कमी आहे, असे तिने मला विचारले, आणि या क्षेत्रात आयुष्य घालवूनही मला उत्तर देता आले नाही. मी तिला अहवालाची प्रत मागणारा अर्ज लिहून दिला. तो पाठवून सहा आठवडे झाले. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कंपनीची परीक्षा देणार आहे. पहिल्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कर्मचारी अधिकारी
दांडिया बाजार, बडोदे